मोहॉकांच्या वेशीवर एक आठवडा, आणि परत सानपाडा

पाळकसाहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर गेला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीत आमची मराठी मंडळी तेव्हा एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची आणि पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून उपासना व्हायची. त्या रविवारी पाळकसाहेबांनी कॅनडातल्या एका मंडळीचं पत्र वाचून दाखवलं. तिकडे मोहॉक नावाचे मूळचे लोक आहेत, चर्चच्या हातून त्यांच्यावर पूर्वी फार अन्याय झाला. त्यांचा वारसा समजून घ्यायचा आणि समेट कसा होतो ते शिकायचं, असा आठवडाभराचा कार्यक्रम आहे, इथून चौघांनी यावं. मोहॉक हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या कानात शिरलं ते एवढंच, की हे सगळं हॅमिल्टनजवळ आहे.

हॅमिल्टनला माझी मुलगी होती. एस्तेर, तिथल्या इस्पितळात नर्स. तिला तिकडे जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत नाताळची तीन कार्डं आली होती, प्रत्येकावर दोन ओळी. आमचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवायला काहीतरी हाताशी असतं. ती माझ्याशी बोलायचीच नाही, विचारलं तेवढ्याला उत्तर. तेव्हा खरं सांगून टाकते, मी वारसा-बिरसा शिकायला गेलेच नव्हते. मला माझी पोरगी बोलती करायची होती. प्रवासवर्णन म्हणून वाचायला बसलेल्यांनी मागाहून नावं ठेवू नयेत म्हणून आधीच सांगितलं.

थोडं मागचंही सांगायला हवं. नवरा गेला तेव्हा एस्तेर पाच वर्षांची होती. मी तुर्भ्याला एका कंपनीत टायपिस्ट. नवी मुंबई तेव्हा बरीचशी नकाशातच होती, खरी होती ती खाडीकडेची जुनी गावं. सानपाडा गावात चांगुणाताईंच्या घरामागची एक खोली भाड्याने घेऊन आम्ही मायलेकी राहत होतो. ताई आगरी, स्वतःची भातशेती असलेल्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मी कामावर गेले की एस्तेर दिवसभर त्यांच्या पोरांत असायची, त्यांच्याच ताटात जेवायची. सात वर्षांची झाली आणि मी तिला घाटावरच्या एका मुलींच्या बोर्डिंगमध्ये घातलं. निघायच्या दिवशी ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कला धारतंस पोरीला, बाय? मी हाय ना सांबालायला." कशाला पाठवतेस, मी आहे ना सांभाळायला, असं म्हणत होत्या. मी म्हटलं, तिकडं शिक्षण चांगलं होईल. हेच उत्तर मी पुढे सगळ्यांना दिलं, एस्तेरलाही. त्यानंतर ती दर सुट्टीत घरी यायची ती पाहुणीसारखी, बॅगसुद्धा पुरती रिकामी करायची नाही.

तर, प्रवास. आम्ही चौघं होतो: पाळकसाहेब, त्यांची बायको, रेल्वेतून रिटायर झालेले थोरातकाका आणि मी. विमानभाडं तिकडच्या मंडळीने उचललं होतं, व्हिसाचे कागदही त्यांनीच पाठवले होते. आपण फक्त गरम कपडे आणायचे, असं पत्रात लिहिलं होतं. या 'फक्त'वर जाऊ नका. ऑक्टोबरात तिकडची थंडी आपल्या महाबळेश्वरी स्वेटरला हसते. आतून अंगाला चिकटणारे लोकरी कपडे घ्या आणि कानटोपीला लाजू नका. मी एस्तेरला तारखा आणि उतरायच्या घराचा फोन नंबर कळवून पत्र टाकलं होतं. निघायच्या चार दिवस आधी तिचं कार्ड आलं. "ड्यूटी बघून कळवते." मी ते कार्ड पर्समध्ये पासपोर्टच्या शेजारी ठेवलं आणि सहार विमानतळावर दोनदा उघडून बघितलं, जसं काही मध्येच त्यात आणखी एखादी ओळ उमटणार होती.

लंडनला विमान बदललं. थोरातकाकांनी जवसाची चटणी नेली होती. टोरांटोला कस्टमच्या बाईने डबा उघडून वास घेतला आणि हे काय म्हणून विचारलं. काकांनी तिला कृती सांगायला सुरुवात केली, लसूण कधी घालायचा इथपर्यंत. मागे रांग खोळंबली. शेवटी तिनेच हात जोडल्यासारखं करून आम्हाला सोडलं. तिथून हॅमिल्टन तासाभराच्या अंतरावर आहे. रस्ता एवढा गुळगुळीत की व्हॅनमध्ये पेंग येते, आणि दोन्ही बाजूंना मेपलची झाडं लालभडक. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण रस्त्यावर माणूस नाही हो. घरं आहेत, दिवे आहेत, गाड्या आहेत, माणूस म्हणून दिसत नाही.

प्रत्येकाला एकेका घरी उतरवलं. मी मार्गारेट नावाच्या विधवा बाईंकडे. फार भल्या. त्यांच्या चार खोल्यांच्या घरात त्या एकट्याच. सकाळी टोस्ट उभ्याने खायच्या, बशीसुद्धा घ्यायच्या नाहीत. एकटीसाठी कशाला टेबल मांडायचं, म्हणाल्या. सानपाड्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी सुद्धा ओट्याशी उभ्यानेच जेवायची. मी गेल्यापासून मात्र दोघींसाठी टेबल मांडलं जाऊ लागलं आणि आम्ही समोरासमोर बसून हवेबद्दल बोलायचो. बोलणं लवकर संपायचं.

पोचल्याच्या दुपारी त्यांनी फोन दिला आणि मी एस्तेरचा नंबर फिरवला. तिकडून तिचाच आवाज आला, इंग्रजीत. मी एकदम बोलत सुटले, अगं एस्तू, मी आले, मी मार्गारेटबाईंकडे आहे, तू कशी आहेस. तिचा आवाज आपला पुढे बोलतच राहिला आणि मग टूंक असं वाजलं. ते मशीन होतं. आपल्याकडे तेव्हा असलं काही नव्हतं. टूंक वाजल्यावर बोलायचं असतं, हे मार्गारेटबाईंनी मला समजावलं. मी पुन्हा फिरवला, टूंक होऊ दिलं, आणि मग मला काही सुचेचना. "मी आई बोलतेय," एवढं म्हणून ठेवून दिला. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पुन्हा येऊन बसले तेव्हा बाईंनी न विचारता चहा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात वर्ग सुरू झाला. तिथले वीसेक जण आणि आम्ही चौघं गोल करून बसलो. शिकवायला आयरीन म्हणून मोहॉक बाई होत्या, साठीच्या, जाड वेणी, आवाज खालचा. त्यांनी भिंतीवर नदीचा नकाशा लावला. मोहॉक हे सहा जमातींच्या एका जुन्या संघातले. ग्रँड नदीच्या दोन्ही काठांची जमीन त्यांना लिहून मिळालेली होती, आणि मग ती कशी कशी कमी होत गेली ते त्यांनी बोटाने दाखवलं. शेवटी बोटाखाली छोटासा तुकडा उरला. मग मण्यांच्या पट्ट्याचं चित्र दाखवलं: पांढऱ्या पट्ट्यावर जांभळ्या मण्यांच्या दोन रांगा. एक रांग गोऱ्यांचं जहाज, दुसरी मोहॉकांची होडी, दोघांनी शेजारून जायचं, एकाने दुसऱ्याचं सुकाणू धरायचं नाही, असा तो करार.

त्यानंतर प्रत्येकाने आपण कुठून आलो आणि ती जमीन आधी कुणाची होती ते सांगायचं होतं. थोरातकाकांचा नंबर आला. काका खुशीत होते. "आमचं शहर एकदम नवीन आहे. नकाशा काढून बांधलेलं, रुंद रस्ते, सेक्टर. आधी तिथं काही नव्हतं, नुसता चिखल."

"कुणीच नव्हतं?" आयरीनबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही."

त्या रागावल्या नाहीत. "आमच्याबद्दलही जुन्या कागदांत असंच लिहिलंय," म्हणाल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या. पाळकसाहेब वहीत काहीतरी शोधू लागले. माझी मान खाली गेली. मला खरं तर गप्प बसता आलं असतं, पण माझ्या पोरीला दोन वर्षं ज्या घराने जेवू घातलं ते घर चिखलात होतं असं कसं म्हणू. मी म्हटलं, लोक होते, मी त्यांच्याच घरात भाड्याने राहिलेय. आज माझी सोसायटी उभी आहे तिथं त्यांचं भात पिकायचं. काका जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. "चारचौघांत तोंडघशी पाडलंत, बाई," म्हणाले. मग त्यांनी चटणी काढली आणि राग विसरले.

एस्तेरचा फोन आला नव्हता. तिसऱ्या दिवशी मात्र मी घरी नसताना आलेला तिचा निरोप मार्गारेटबाईंनी लिहून ठेवला होता. शनिवारी दुपारी जमलं तर येईन, कुठे ते सांगून ठेव. शनिवारी मोहॉक वस्तीत सगळ्यांचं एकत्र जेवण होतं, कुणीही आलं तरी चालणार होतं. मी पुन्हा मशीनशी बोलले, या वेळी टूंक झाल्यावर, पत्ता दोनदा सांगितला. तिथून शनिवारपर्यंत माझा जीव टांगणीला लागला.

चौथ्या दिवशी आम्हाला वस्तीवर नेलं. हॅमिल्टनहून गाडीने चाळीसेक मिनिटं. सपाट शेतं, मध्ये मध्ये लाकडी घरं, पेट्रोलचे छोटे पंप. बस सरळ आत जाईल असं वाटलं होतं, पण झाडांच्या अलीकडे थांबवली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. समोर त्यांची माणसं उभी, मध्ये छोटी शेकोटी. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या भाषेत सावकाश बोलायला सुरुवात केली आणि आयरीनबाई आम्हाला इंग्रजीतून सांगत होत्या. ही त्यांची फार जुनी रीत आहे. लांबून आलेल्याला रानाच्या कडेला थांबवायचं. वाटेत त्याने काय काय सोसलेलं असतं, त्याचे डोळे भरलेले असतात, कानात धूळ असते, घशात आवंढा. म्हणून आधी मऊ कातड्याने त्याचे डोळे पुसायचे, पिसाने कान साफ करायचे, मग पाणी द्यायचं, घसा मोकळा व्हावा म्हणून. तोवर त्याला काही विचारायचं नाही आणि आपलंही काही सांगायचं नाही.

पाण्याचा पेला माझ्याकडे आला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरला. आपल्याकडेही आल्यागेल्याला आधी गूळ-पाणी देतात, माझी आई द्यायची. पण सुट्टीत बोर्डिंगमधून पोर घरी आली की मी दारातच काय विचारायची? नंबर कितवा आला. मला त्या झाडांखाली स्वतःची लाज वाटली.

पाचवा दिवस स्वयंपाकाचा. शनिवारच्या जेवणासाठी मक्याचं सूप करायचं होतं आणि पाळकीणबाई थंडीने अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून आयरीनबाईंच्या हाताखाली मी एकटीच होते. खायला जाणाऱ्यांसाठी सांगते. पांढरा मका लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळतात, साल सुटेपर्यंत. मग वेताच्या पाटीसारख्या टोपलीत घालून वाहत्या पाण्याखाली चोळचोळ चोळायचा, की सालं निघून जातात आणि दाणा फुगून टपोरा होतो. पुढे त्यात घेवड्याचे दाणे आणि डुकराचं मांस. तिखट नावाला नाही. आपल्याला पहिला घास अळणी लागतो, तिसऱ्या घासाला चव कळते. सोबतची तळलेली रोटी गरम असतानाच खा. राखेने भांडी मी जन्मभर घासली, धान्य कधी घासलं नव्हतं.

चोळता चोळता आयरीनबाई आपली गोष्ट सांगू लागल्या. सहा वर्षांची असताना त्यांना बोर्डिंगमध्ये नेलं. सरकारचा कायदा, शाळा चर्चची. आईने नको म्हणायची सोय नव्हती. तिथं आपल्या भाषेत बोललं की मार. पंधराव्या वर्षी घरी परत आल्या तेव्हा आई दारात काहीतरी बोलली, आणि ती काय बोलली ते यांना कळलं नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं. पुढची दोन वर्षं, म्हणजे आई जाईपर्यंत, दोघी एका घरात खुणांनी राहिल्या. भाषा त्यांनी नंतर चाळिशीत शिकून घेतली, तेव्हा बोलायला आई नव्हती.

मी बोलून गेले, "मी पण माझ्या मुलीला बोर्डिंगमध्ये टाकलं होतं."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"नाही."

"पोलीस आले होते? चर्चची माणसं?"

"नाही. मीच फॉर्म भरला." आणि मग एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या परक्या बाईला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. नगरहून माझा भाऊ भेटायला आला होता. शाळामास्तर, नीटनेटका माणूस. एस्तेर तांब्याभांडं घेऊन धावत पुढे गेली आणि म्हणाली, "मामा, पानी पितंस?" भाऊ पोट धरून हसला. म्हणाला, तुझी पोरगी तर पक्की आगरीण झाली की गं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या आजोबांपासून घरात शुद्ध बोलायचा अभिमान. महिन्याच्या आत मी तिला घाटावर नेऊन सोडलं. शिक्षण वगैरे सगळं मागून जोडलेलं.

आयरीनबाईंनी टोपली हलवली, पाणी निथळू दिलं. "मग तुझं आणि माझं एक नाही," म्हणाल्या. आवाजात चीड नव्हती, नुसतं सांगणं होतं. "माझ्या आईला विचारण्यासारखं काही नव्हतं, तिचा दोषच नव्हता. तुझ्या मुलीला विचारायला माणूस आहे. तिने विचारलं तर खरं सांग."

"माफी मागू?"

"माग. पण एक ध्यानात ठेव. चर्चने आमची माफी मागितली, चांगल्या शब्दांत मागितली. आणि मग आमच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, आम्ही कधी 'ठीक आहे' म्हणतो म्हणून. तेवढं करू नकोस."

शनिवारी सभागृहात दोनशे माणसं असतील. दोन वाजले, अडीच वाजले. थोरातकाका दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन यायचे आणि मला सांगायचे की आली नाही. मी म्हटलं, काका, ते मला दिसतंय. तीनच्या सुमारास निळ्या गाडीतून ती उतरली. बारीक झाली होती. कोटाखाली इस्पितळाचा पोशाख तसाच. तोंडाशी शंभर प्रश्न आले, जेवतेस का, झोपतेस का, एकटीच राहतेस का. मी ते गिळले आणि तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. तिला जरा नवल वाटलं. पाणी प्यायली. आम्ही सूपचे वाडगे घेऊन मागच्या बाजूला नदीकडच्या बाकावर जाऊन बसलो आणि कितीतरी वेळ मी काही बोलले नाही. मला गप्प बसणं किती जड जातं हे मला ओळखणाऱ्यांना विचारा.

तिने विचारलं इथं काय चाललंय, तेव्हा मी तिला आयरीनबाईंची शाळा सांगितली. ती चमच्याने दाणे एका बाजूला करत ऐकत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मला का पाठवलंस?"

मी सांगितलं. मामा, तांब्या, ते वाक्य, माझी लाज, सगळं. शिक्षणाचं नाव काढलं नाही.

तिने वाडगा बाकावर ठेवला. "मला वाटायचं, मी काहीतरी वाईट केलं होतं," म्हणाली. "मी रोज आठवायचे काय केलं असेल ते."

"तू मामाला पाणी दिलंस, एवढंच केलंस."

"तिथं पहिल्या दिवशी मी बोलले आणि सगळ्या मुली हसल्या. मग मी वर्षभर कुणाशी बोललेच नाही. मॅडमना वाटायचं मी मुकी आहे."

हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं मी तिला घुमी म्हणत आले होते, नातेवाइकांत चेष्टेने सांगत आले होते. मी म्हटलं, "चूक माझी होती, एस्तू. मला माफ कर." आणि नदीकडे तोंड केलं, म्हणजे तिला माझ्याकडे बघून काही म्हणावं लागू नये. पाणी संथ होतं, वरून पानं वाहत चालली होती. मी ती पानं बघत बसले.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "चांगुणामावशी आहे अजून?"

"आहे की. गावातच असते."

"फोन आहे तिच्याकडे?"

"नाही. पण माझ्याकडे येईल ती."

"मग पुढच्या रविवारी करते. बोलाव तिला." तिने घड्याळ बघितलं, उठली, माझ्या खांद्यावर हात दाबला, पेशंटच्या दाबतात तसा, आणि गेली. सगळी भेट तासाभराची. सातासमुद्रापलीकडे तासाभरासाठी गेले असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. व्हॅनमध्ये थोरातकाका शेजारी येऊन बसले आणि हॅमिल्टन येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे हे उपकार मी विसरलेले नाही.

निघताना मार्गारेटबाईंनी सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली दिली. दोघी दारात उभ्या राहिलो, पुन्हा भेटू असं दोघीही म्हणालो आणि दोघींनाही ठाऊक होतं की भेटणार नाही. येतानाचं विमान रिकामं होतं, तीन सीटवर आडवं होता आलं. वाशीला मंडळीत पाळकसाहेबांनी फोटो दाखवले, थोरातकाकांनी उठून सांगितलं की आपलं शहर कुणाच्या तरी शेतावर उभं आहे. लोकांनी मान डोलावली आणि चहाला उठले. कुणी विचारलं की मला काय मिळालं, तर मला नीट सांगता येत नाही. एस्तेरने मला माफ केलं असं तिने आजवर म्हटलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. एवढंच की मी आता तिला खोटं उत्तर देत नाही, आणि एकटं वाटतं तेव्हा निदान कशामुळे वाटतं ते मला ठाऊक असतं.

तो रविवार मात्र सांगायलाच हवा. चांगुणाताई नवं पातळ नेसून सकाळपासूनच माझ्या घरी येऊन बसल्या होत्या. लिफ्टमध्ये घाबरतात म्हणून तीन मजले चढून आल्या. फोन वाजला, मी उचलला, एस्तेर म्हणाली, "मावशी आली?" मी रिसीव्हर त्यांच्याकडे दिला आणि चहा टाकायला आत गेले.

"कोन, इस्तू?" त्या ओरडल्या. फोनवर ओरडावं लागत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. "कवरी मोठी झालीस गो? जेवलीस का? थंडी वाजतं का तिकरं?" मग हसणं. मग पुन्हा काहीतरी, भराभर, गावातली नावं, कुणाचं लग्न, कुणाच्या म्हशीचं काय झालं. तिकडून एस्तेर काय बोलत होती मला ऐकू येत नव्हतं, पण बोलत होती. ताई मध्येच थांबायच्या, ऐकायच्या, हसून मांडीवर हात मारायच्या. माझ्या घुम्या पोरीचं बोलणं वीस मिनिटं चाललं. मी ओट्याला टेकून उभी होते आणि चहा उकळून आटून गेला.

फोन ठेवून ताई माझ्याकडे वळल्या. "छान आहे हो तुमची मुलगी," म्हणाल्या. "थोडी दमलेली वाटली. ड्यूटीला जायचं होतं म्हणून ठेवला तिने. पुढच्या रविवारी पुन्हा करते म्हणाली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. किती वर्षं ही बाई माझ्याशी अशी पुस्तकातलं बोलत होती. मी ते बघत आले होते, आणि मला वाटायचं माझ्या सहवासाने सुधारल्या. चारचौघांत मी तसं कौतुकाने सांगितलंही होतं. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि एस्तेरला जे सांगितलं होतं तेच सगळं त्यांना सांगितलं.

"मला माहीत होतं," ताई म्हणाल्या. "तुमचे भाऊ हसले तेव्हा मी पडवीतच होते. म्हटलं, आपल्या बोलण्यापायी बाईंनी पोर लांब धाडली. त्यानंतर मी तुमच्यापुढं जपून बोलायला लागले."

"ताई, माझ्याशी पण बोला ना. आत्ता इस्तूशी बोललात तसं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोलण्यासाठी तोंड उघडलं, थांबल्या. पुन्हा प्रयत्न केला. मग ओशाळं हसून माझा हात थोपटला.

"नाही हो," म्हणाल्या, "तुमच्यासमोर नाही येत आता."